भावाच्या घरातली आंधळी

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा उशिरा रडला. त्या उशिराचा अर्थ आईला दोन-तीन वर्षांनी कळला, जेव्हा तो चालायचं आणि बोलायचं नाव घेईना. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला विसापर्यंत मोजता येतं, कारण परंदवडीजवळच्या ज्या पॉलिहाऊसमध्ये तो कामाला जातो तिथं गुलाबाची गड्डी वीस फुलांची असते. घड्याळ कळत नाही, वाचता येत नाही. माणसं मात्र एकदा भेटली की कायमची लक्षात राहतात. कोण कुणाशी बोलत नाही, हेही राहतं.

मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. तळेगावात शाळेत शिकवते, घोरावाडी स्टेशनाजवळ राहते. वडील आमच्या लहानपणीच गेले. गावातल्या तीन खोल्यांच्या घरात आई आणि तो, असं त्या दोघांचं एक वेगळंच जग होतं. ती त्याला उठवायची, आंघोळीचं पाणी काढून द्यायची, गोळी हातावर ठेवायची. त्याला लहानपणापासून फिटची गोळी आहे, ती चुकवून चालत नाही. मी दर रविवारी जायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आईनंतर बघू. आईनंतरचं बघायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे काहीही ठरलेलं नव्हतं.

मी त्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला. तो दिवसभर बाल्कनीत उभा राहायचा आणि खाली बघायचा. जेवण निम्म्यावर आलं. माझ्या नवऱ्यानं त्याला बागेत नेलं, बाजारात नेलं, त्याच्यासाठी कैऱ्या आणल्या. तो सगळीकडे जायचा आणि परत आला की विचारायचा, "आक्का, आता घरी जायाचं का?" दोन महिन्यांनी एके सकाळी तो जिना उतरला आणि चालू लागला. ओळखीच्या एका भाजीवाल्याला तो सोमाटणे फाट्यावर दिसला. पायात चप्पल नव्हती, पण रस्ता बरोबर धरलेला होता. मी स्कूटर घेऊन पोचले तर म्हणाला, "तू कशापायी आलीस? मी जातो की."

त्या दिवशी त्याला परत फ्लॅटवर आणायला माझं मन धजलं नाही. मी त्याला गावी सोडलं आणि पंधरा दिवस रजा काढून त्याच्याबरोबर राहिले. पण पंधरा दिवसांनंतर काय?

माझी एक जुनी विद्यार्थिनी जवळच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. विसरायला होणाऱ्या, समज कमी असणाऱ्या माणसांना घरात एकट्यानं राहता यावं म्हणून ती आणि तिचे सहकारी काही उपकरणं तयार करत होते. दारावर, फ्रिजवर, गॅसच्या वर लहान लहान सेन्सर लावायचे. माणसाचा दिवस कसा जातो ते यंत्रानं शिकून घ्यायचं, मग काही चुकलं की माणसाला आठवण करायची आणि घरच्यांना कळवायचं. मी तिला म्हटलं, उद्याच लाव.

ती म्हणाली, "बाई, दादांना विचारलंत?"

मी नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आयुष्यभर त्याचे कपडे, त्याचं जेवण, त्याचा डॉक्टर, सगळं आम्हीच ठरवत आलो होतो.

ती घरी आली, जमिनीवर त्याच्यासमोर बसली आणि काडेपेटीएवढी एक पांढरी डबी त्याच्या हातात दिली. "दादा, ही दारावर लावली की दार उघडलं हे हिला कळतं. लावू का?"

त्यानं डबी उलटीपालटी करून बघितली. "कॅमेरा हाय का?" पॉलिहाऊसमध्ये मालकानं कॅमेरे बसवलेले होते आणि ते त्याला मुळीच आवडत नसत.

"नाही. फोटो निघत नाही हिच्यातून."

"मंग बघती कशी?"

"बघतच नाही. दार उघडलं, दिवा लागला, गॅस तापला, कुणी चाललं, एवढंच कळतं."

"आंधळी हाय मंजी."

ती हसली. "हो, आंधळीच म्हणा."

"मंग लाव."

तेव्हापासून त्या सगळ्या पसाऱ्याचं आमच्या घरातलं नाव आंधळी.

आंधळीला आधी शिकवावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. दार उघडलं, गॅस तापला, फ्रिज उघडला, म्हणजे चहा चाललाय की दूध तापतंय हे तिला आपोआप उमगत नाही. कुणीतरी तीन-चार आठवडे सांगत राहावं लागतं, आत्ता चहा, आत्ता आंघोळ, आत्ता झोप. हे यंत्र लावलेल्या बाकीच्या घरांतली माणसं वहीत लिहायची. भावाला लिहिता येत नाही म्हणून माझ्या विद्यार्थिनीनं एक फळी आणली. तिच्यावर मोठी मोठी बटणं आणि प्रत्येकावर चित्र. कप, बादली, ताट, खाट, टीव्ही, चप्पल. काम सुरू करायच्या आधी तेवढं बटण दाबायचं.

भाऊ शाळेत एकच वर्ष गेला होता. त्या वर्षात गुरुजींनी त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवलं आणि आईनं मग पाठवणंच बंद केलं. आता पॉलिहाऊसमधल्या बायकांना तो सांगायचा, "मला टाइम न्हाई. मी शिकवतोय आंधळीला." आणि खरंच शिकवायचा. कपाचं बटण दाबून मगच पातेल्याला हात लावायचा. एकदा चुकून आधी चहा झाला तर त्यानं तो तसाच झाकून ठेवला, बटण दाबलं आणि पुन्हा नव्यानं चहा केला.

दोन आठवडे झाल्यावर माझी विद्यार्थिनी त्याला म्हणाली, "दादा, रोज दिवेलागणीला तुम्ही पुढच्या खोलीत असता. टीव्ही बंद असतो. बटण दाबत नाही. तेव्हा काय करता?"

"आईला सांगतो."

"काय सांगता?"

"किती गड्ड्या बांधल्या. कोन आलतं. कालवन काय केलं."

पुढच्या खोलीत आईची खाट होती. तो तिच्या पायथ्याशी जमिनीवर बसून बोलायचा. मी हे कधी बघितलं नव्हतं, कारण मी असले की तो मला सांगायचा.

माझी विद्यार्थिनी फळी जवळ घेऊन बसली. मग म्हणाली, "याचंही बटण करू या. कसलं चित्र काढू?"

"तोंड काढ."

तिनं तोंड काढलं. चित्रकला तिची शाळेपासून बेताचीच. तो बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. "हे तर केळं झालं!" पण ते केळं त्यानं बदलू दिलं नाही, आणि पुढं रोज दिवेलागणीला न चुकता दाबलं.

यंत्र शिकलं, आणि पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. दूध गॅसवर ठेवून तो अंगणात गेला तर आतल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज यायचा होता, दूध बघ म्हणून. तो आवाज माझा होता. मी वर्गात बोलते तशा स्पष्ट आवाजात रेकॉर्ड करून दिलं होतं, "दूध उतू जाईल. गॅस बंद कर." त्या सकाळी आवाज आला, पण गॅस काही बंद झाला नाही. माझ्या फोनवर धोक्याची तांबडी खूण दिसली. मी त्याला फोन लावला, उचलेना. शेवटी शेजारच्या बाईंना सांगितलं, त्यांनी जाऊन गॅस बंद केला. तो रस्त्यावर उभा होता. माझा आवाज ऐकून मी आले असं त्याला वाटलं होतं. तिन्ही खोल्यांत मला शोधलं, मोरीत बघितलं, खाटेखाली बघितलं, आणि मग मी रुसून परत चालले असेन म्हणून तो माझ्यामागं फाट्याच्या दिशेनं निघाला होता. मला म्हणाला, "लपून बोलू नगं, आक्का. भ्या वाटतं."

माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, "दादा, मग कुणी सांगितलेलं आवडेल तुम्हाला?"

"मीच सांगतो की मला."

आम्हाला वाटलं गंमत करतोय. पण तिनं फोन पुढं धरला आणि तो घसा साफ करून बोलला, "ए, दूध बघ. उतू जाईल. आई वरडंल." गोळीचंही त्यानंच सांगितलं, "गोळी घे. पानी पी." पहिल्यांदा स्वतःचा आवाज भिंतीतून ऐकला तेव्हा तो लाजला, दुसऱ्यांदा हसला, आणि नंतर इमानदारीत ऐकू लागला. मी एकदा म्हटलं, बरा ऐकतोस रे. तर म्हणाला, "मग? मी सांगतोय न्हवं!"

असं त्याचं घर सुरू झालं. पहाटे गावातून कामगार नेणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकून तो उठायचा. आंघोळ, चहा, गोळी. चपलेचं बटण दाबून पॉलिहाऊसला जायचा, दुपारी परत यायचा. मी मधल्या सुट्टीत फोन उघडून बघायची. हिरवी खूण म्हणजे सगळं ठीक, पिवळी म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं, तांबडी म्हणजे धावा. मला त्या हिरव्या खुणेची चटकच लागली. तास सुरू व्हायच्या आधी, भाजी फोडणीला टाकताना, लग्नाच्या पंगतीत बसल्यावरसुद्धा मी बघायची. एकदा नवऱ्यानं विचारलं, "आज बोललीस का त्याच्याशी?"

"नाही. सगळं हिरवं आहे."

त्यानं स्वतःच्या फोनवरून भावाला फोन लावला आणि पाच-दहा मिनिटं दोघं कुठल्याशा मांजराबद्दल बोलत बसले. त्या मांजराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

भातकापणीच्या सुमाराला पिवळी खूण यायला लागली. रोज दुपारी, चारच्या पुढं. चहाची वेळ नेहमीपेक्षा मोठी. पुढच्या खोलीत हालचाल, त्याच वेळी स्वयंपाकघरातही हालचाल. मागचं दार दोनदा-तीनदा उघडलेलं. नाव नसलेल्या कामाला यंत्र "अनोळखी" म्हणायचं, तसं रोज तासभर अनोळखी दिसायचं.

माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, घाबरू नका, पण दुपारी घरात दोन माणसं असावीत असं वाटतंय."

मी घाबरलेच. आमच्या भागात जमिनीला सोन्याचं मोल आलं आहे, आणि सात-बारावर माझ्याबरोबर त्याचंही नाव आहे. एखादा रोज येऊन गोड बोलून एक दिवस अंगठा घेऊन जाईल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. कुणी त्याला प्यायला शिकवत असेल. मी फोन करून विचारलं, "दुपारी कोण येतं रे?"

"कोन न्हाई."

"खरं सांग."

"कोन न्हाई म्हन्लं ना." आणि त्यानं फोन ठेवला.

उभ्या जन्मात तो माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. आईचं संक्रांतीचं सुगड फोडलं तेव्हाही त्यानं तुकडे हातात घेऊन माझ्यासमोर आणून दाखवले होते. ते "कोन न्हाई" मला त्या अंगठ्याच्या भीतीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शेवटचे दोन तास सोडून निघाले. स्कूटर वळणावरच लावली आणि मागच्या अंगणानं गेले. दार अर्धं उघडं होतं. आतून भावाचा आवाज येत होता.

"कप धरा. दोनी हातांनी. आता फुका. अजून फुका. आता प्या."

मी आत डोकावले. आईच्या खाटेवर एक म्हातारा बसला होता. त्याच्यासमोर माझा भाऊ उकिडवा बसलेला, स्वतःचा कप बाजूला निवत पडलेला. म्हातारा चहा प्यायचा थांबला आणि कपाकडे नुसताच बघत राहिला, की भाऊ पुन्हा सांगायचा, "हातात कप हाय, आबा. प्या."

ते मागच्या घरातले आबा होते. वडिलांचे चुलतभाऊ. हातभर बांधावरून त्यांचं आणि आईचं भांडण झालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं, सुतकाचं येणं-जाणं तेवढं. आई गेली तेव्हा ते आले होते आणि अंगणातच उभे राहून परत गेले होते.

भावानं मला बघितलं आणि तो ताडकन उभा राहिला. चेहरा पार उतरला. "आक्का, आई म्हन्ली हुती त्यांच्याशी बोलायचं न्हाई. मी लय न्हाई बोललो. निस्ता चा पाजला."

मग जे झालं ते त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. कामावरून येताना त्याला आबा रस्त्याच्या कडेला उभे दिसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, माझं घर कुटं हाय. लोक हसून पुढं जात होते. "त्यांना घर सापडना. त्यांचं दार दावलं तर म्हन्ले हे माजं न्हाई. मंग मी म्हन्लं, माज्यात चला." दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः मागच्या गल्लीत जाऊन बघितलं. आबा पडवीत बसलेले, बाहेरच्या दाराला कडी. त्यानं कडी काढली, त्यांना आणलं, आणि कंपनीची संध्याकाळची बस यायच्या आत परत नेऊन बसवलं. तेव्हापासून रोज.

मी काही बोलणार इतक्यात आबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी आईसारखी दिसते असं सगळेच म्हणतात. त्यांनी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली. "वहिनी, तुमी कायबी म्हना. बांध माजाच हाय."

"आबा, चा प्या," भाऊ घाईनं म्हणाला.

"न्हाई, सांगू दे. वहिनींनी मोजनी आनली तरी बांध माजाच."

ज्या बांधाबद्दल ते बोलत होते तो आता नाही. तिकडची सगळी पट्टी कारखान्यांसाठी गेली, त्यांची आणि आमचीही. बांध होता तिथं एका कंपनीची भिंत उभी आहे. आईला हे माहीत होतं, तरी ती शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. "असू द्या भावजी. तुमचाच."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. एवढ्या सहज मिळेल असं त्यांना वाटलं नसावं. मग हळू आवाजात म्हणाले, "निम्मा घ्या की."

भावानं मला चहा दिला. साखर नेहमीसारखीच जास्त होती.

संध्याकाळी मीच आबांना घेऊन त्यांच्या दारात बसले. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही कंपनीत जातात, मुलाची पाळी फिरती असते. सून बसमधून उतरून आली, मला बघून दारातच थबकली. डब्याची पिशवी खांद्यावर तशीच.

"आमी काय टाकलं न्हाई त्यांना," मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली. "कडी न्हाई लावली तर रोडला जातात. दोगांनीबी काम सोडून कसं भागंल, आक्का?"

मी म्हटलं, मी भांडायला आले नाही. आणि भाऊ काय करतो ते सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एकदम पायरीवर बसली. "तरीच म्हन्लं ह्ये दोन हप्ते शांत कसे. मला वाटलं डाक्टरच्या गोळीचा गुन हाय." पदरानं तोंड पुसत ती हसायलाही लागली आणि रडायलाही. मग उठून म्हणाली, "आत या." वीस वर्षांनी मी त्या घराचा उंबरा ओलांडला. आत भिंतीवर माझ्या आईवडिलांच्या लग्नातला एक फोटो होता. त्यात तरणेबांड आबा वडिलांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. तो त्यांनी कधी उतरवला नव्हता.

नंतर सगळं उघडपणे सुरू झालं. आबांच्या सुनेनं कडी लावणं सोडलं. ती जेवण झाकून जायची, सकाळी शेजारच्या बाई लक्ष ठेवायच्या, दुपारी कामावरून आला की भाऊ त्यांना घेऊन यायचा. पण घरातली हालचाल कुणाची, भावाची की आबांची, हे आंधळीला कळेना. माझी विद्यार्थिनी एक लहान चकती घेऊन आली. ती आबांनी जवळ बाळगली की त्यांचं वेगळं कळेल. आबा घड्याळ घालत नव्हते, गळ्यात काही राहू देत नव्हते. पण तंबाखूची चंची सोडून ते कधीच कुठं जात नसत. चंचीच्या आतल्या खणात चकती शिवून टाकू, असं सुनेनं सुचवलं.

"त्यांना इचारलं का?" भावानं विचारलं.

आम्ही तिघींपैकी कुणीच विचारलं नव्हतं. शेवटी त्यानंच चकती आबांच्या तळहातावर ठेवली. "आबा, ही चंचीत ठिवू का? तुमी हरवला तर मला सांगती." आबांनी ती दातानं चावून बघितली, खाण्यासारखी नाही हे पटल्यावर परत दिली. "ठिव. पन तंबाकूला वास लागाय नगं."

फळीवर एक बटण वाढलं. त्यावर चंचीचं चित्र. भावानं नवं वाक्यही बोलून दिलं, "ए, आबा भाईर गेले. बघ जा."

ते वाक्य बऱ्याचदा कामाला आलं. एका दुपारी भाऊ भांडी घासत होता आणि आबा पुढच्या दारानं निघून गेले. भिंतीतून आवाज आला तसा तो साबणाच्या हातांनी पळाला. माझ्या फोनवर तांबडी खूण आली होती, म्हणून मी त्याला फोन लावला. त्यानं तो उचलून खिशात टाकला असावा, कारण मला नुसतं ऐकू येत होतं. आधी धाप, मग लांबून आबांचा आवाज. ते कंपनीच्या भिंतीला हात लावून चालत होते, असं नंतर कळलं.

"माजा बांध कुटं गेला?"

"घरी ठिवलाय," भाऊ म्हणाला. "चला, दावतो."

आणि दोघांच्या चपलांचे आवाज परत फिरले. शाळेच्या जिन्यात मी फोन कानाला लावून उभी होते. पुढचा तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकूच आली नाही.

असं वर्षभर चाललं. गेल्या थंडीत आबांना ताप आला, छातीत कफ झाला. दवाखान्यात आठ दिवस राहून ते घरी आले आणि झोपेतच गेले. भाऊ खांदा द्यायला पुढं झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, याला झेपेल का? आबांचा मुलगा म्हणाला, "पयला खांदा त्याचाच."

त्यानंतरही चार वाजता यंत्र घरात दोन माणसं दाखवायचं. चकती तर आबांच्या सुनेनं काढून परत दिलेली. माझी विद्यार्थिनी चक्रावली. मी भावाला विचारलं, तर तो रोज दोन कप चहा करत होता, एक खाटेपाशी ठेवत होता, मग स्वयंपाकघरात येऊन आपला पीत होता.

"आणि दुसरा?"

"त्योबी मीच पितो. टाकायचा कशाला?"

काही आठवड्यांनी दुसरा कप बंद झाला. कधी, ते मी फोनवर बघितलं नाही. त्यानंच सांगितलं. आता चार वाजता तो कधी आबांच्या घरी जातो. सुट्टी असली की सून त्याला चहा देते. साखर कमी असते अशी त्याची तक्रार आहे.

कॉलेजचं काम यंदा संपलं. माझी विद्यार्थिनी विचारायला आली, काय ठेवायचं आणि काय न्यायचं. या वेळी मी काही बोलले नाही. ती त्याला घरभर घेऊन फिरली. गॅसवरचं, म्हणाला, राहू दे. गोळीचं राहू दे. बोलणारी भिंत राहू दे. पुढच्या दाराचं पण. मग तो मोरीपाशी थांबला. दारावर आतल्या बाजूला एक पांढरी डबी होती. तो मोरीत चक्कर येऊन पडला तर कळावं म्हणून मीच आग्रहानं बसवून घेतली होती.

"ही काढा," तो म्हणाला.

"का रे?" मी विचारलं.

तो आमच्या दोघींकडे न बघता पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. "तितं मला लाज वाटती."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी लावली हुती ना."

मला फिटची भीती होती, अजूनही आहे. ती माझ्या तोंडावर आली असणार, कारण माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघत थांबली. भावाला मी विचारलं, "आतून कडी नाही लावायची, चालेल?" तो म्हणाला, "न्हाई लावनार. मी गानं म्हनीन. तुला वाटलं तर हाक मार." मी मान डोलावली. तिनं डबी काढली, मागं चिकटलेला गोंद नखानं खरवडला.

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, आत गेला आणि दार ओढून घेतलं. बादलीत पाणी पडायला लागलं. मग त्याचं गाणं ऐकू आलं, बेसूर, अर्धे शब्द त्याचे स्वतःचे. मी फोन पिशवीत टाकला आणि आम्ही दोघी बाहेर अंगणात जाऊन बसलो.